चांदोली-दाजीपूरच्या कुशीत तंबूतला मुक्काम : कोल्हापूरकरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

"चांदोलीत टेंट टाकायला परवानगी मिळते का?" दिवाळी जवळ आली की कोल्हापुरात हा प्रश्न हमखास कानावर येतो. उत्तर एका शब्दाचं आहे : नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात आपल्या मनाने तंबू ठोकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे बेत रद्द करायचं कारण नाही. उद्यानाला खेटून असलेल्या गावात मुक्काम करायचा, रात्र जंगलाच्या शेजारी काढायची आणि सकाळी रीतसर परवाना घेऊन आत जायचं, अशी आखणी केली तर जंगलही पाहून होतं आणि निवांतपणाही मिळतो. या लेखात ती आखणी पहिल्या फोनपासून घरी परतल्यावर तंबू वाळवण्यापर्यंत सांगतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. इथे सांगितलेली जवळजवळ प्रत्येक सूचना शांततेसाठी आहे. स्पीकर, शेकोटीभोवतीचा नाच आणि पहाटेपर्यंतचा दंगा हवा असेल तर त्यासाठी दुसऱ्या जागा आहेत. सह्याद्रीच्या या पट्ट्यात लोक येतात ते गव्याच्या पायाखाली मोडणाऱ्या काटकीचा आवाज ऐकायला.

आधी हद्द समजून घ्या

चांदोलीला १९८५ मध्ये अभयारण्याचा आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्र ३१७.६७ चौरस किलोमीटर, आणि ते कोल्हापूर, सांगली, सातारा व रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांच्या सांध्यावर पसरलेलं आहे. मधोमध वारणेवरच्या चांदोली धरणाचा वसंतसागर जलाशय. २०१० पासून चांदोली आणि कोयना अभयारण्य मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. दक्षिणेला राधानगरी अभयारण्य आहे, ज्याला आपण सगळे 'दाजीपूरचं गव्यांचं अभयारण्य' म्हणतो. ते १९५८ सालचं, राज्यातलं सर्वांत जुनं, क्षेत्र ३५१.१६ चौरस किलोमीटर. संस्थानकाळात हे जंगल कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान होतं. चांदोली आणि राधानगरी ही दोन्ही नावं २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

या सगळ्या क्षेत्राला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. त्यातलं आपल्या कामाचं एवढंच : परवान्याशिवाय आत जायचं नाही, जंगलाला धोका होईल अशी आग पेटवायची नाही, शस्त्र न्यायचं नाही, झाडपाला तोडायचा नाही, प्राण्यांना छेडायचं नाही. अभयारण्याबाहेरचं सगळं रान मोकळं आहे असंही समजू नका. पन्हाळगड, विशाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड इथली बरीच वनं आता संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत. गडांवर, विशेषतः पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या, तंबू लावायचा विचारही नको. मग उरतं काय? गावातली खासगी शेतं, घरांची अंगणं, नोंदणी केलेली कृषी पर्यटन केंद्रं, तयार तंबूंचे कॅम्प आणि वनविभागाच्या स्वतःच्या निवासाच्या सोयी. एवढं पुरेसं आहे.

काठावरच्या गावांत पैसे खर्च करावेत असं मी आग्रहाने म्हणतो, त्यालाही कारण आहे. चांदोलीत आज जिथे झोळंबीचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, बघायला माणसं जातात, तिथे झोळंबी नावाचं नांदतं गाव होतं. धरणासाठी आणि नंतर उद्यानासाठी अशी गावंच्या गावं उठली. जी काठावर उरली, त्यांच्या भातात आजही गवे आणि डुकरं उतरतात. जंगल राखल्याची किंमत ही माणसं रोज मोजतात. मुक्कामाचे पैसे त्यांच्या हातात पडले, तर जंगल टिकण्यात त्यांचाही फायदा राहतो.

जागा ठरवा

पहिल्यांदाच जाणार असाल तर माझी पसंती राधानगरी-दाजीपूर. कोल्हापूरहून राधानगरी ५० किलोमीटरच्या आसपास आणि दाजीपूर साधारण ८०. रस्ता पुढे फोंडा घाटातून कोकणात उतरतो. वाटेत शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेलं धरण लागतं. पाणी ठराविक पातळीला आलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. भर पावसात ते बघायला अर्धं कोल्हापूर लोटतं. दाजीपूरच्या गेटातून आत कच्च्या रस्त्याने सफर करता येते : वाघाचं पाणी, सावराई सडा, ठक्याचा वाडा ही त्यातली प्रसिद्ध ठिकाणं. मुक्कामासाठी राधानगरीपासून दाजीपूरपर्यंतच्या रस्त्यालगतच्या वाड्यांत घरगुती सोयी आणि छोटे कॅम्प आहेत. गवा दिसण्याची शक्यता जिल्ह्यात इथे सर्वांत जास्त. उन्हाळ्यात पाणवठे आटत जातात तशी ती वाढत जाते.

आंबा हे दुसरं ठिकाण. रत्नागिरी रस्त्यावर मलकापूरच्या पुढे, घाटमाथ्यावर. तयार तंबू, लाकडी खोल्या, खोलीला लागून न्हाणीघर अशी ग्लॅम्पिंगची सोय सर्वांत जास्त इथेच मिळते. एकीकडे मानोलीचं धरण, दुसरीकडे गजापूरवरून पावनखिंड आणि विशाळगड. घरात वयस्कर माणसं किंवा लहान मुलं असतील तर आंबाच निवडा. हमरस्ता जवळ आहे. मात्र हमरस्ता जवळ म्हणजे रात्रभर ट्रकांचे हॉर्नही आलेच. रस्त्यापासून निदान दोन-तीन किलोमीटर आत असलेली जागा शोधा. शनिवारी आंब्यात गर्दी होते, मधल्या वारी जमलं तर बघा.

चांदोलीसाठी वारणावतीची बाजू धरायची. रत्नागिरी रस्त्याने बांबवडे, तिथून कोकरूड आणि मग वारणेच्या काठाने वर. हा प्रदेश तीनही पर्यायांत सर्वांत निवांत, आणि सोयींच्या बाबतीत सर्वांत साधा. सरपटत्या वळणाचा जलाशय, पलीकडे सदाहरित जंगलाची काळपट रांग, आणि रात्री मैलोगणती अंधार. ज्यांचा एक-दोनदा तंबूत मुक्काम झालेला आहे त्यांनी इकडे यावं.

गगनबावडा जवळ आहे, ५५ किलोमीटरच्या आसपास, आणि पळसंब्याच्या ओढ्यातली एकसंध दगडात कोरलेली मंदिरं फार सुंदर आहेत. पण तिथला पाऊस आणि वारा तंबूला मानवत नाही. पावसाळ्यात तिथे पक्क्या छपराखालीच राहा. मसाई पठार दिवसा फिरायला जा, रात्री पन्हाळ्यावर राहायला या. आजरा-चंदगडचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा : तिथे कर्नाटकातून आलेले रानटी हत्ती वावरतात. ऊस किंवा भाताच्या बांधावर तंबू टाकू नका, गावातल्या माणसाला विचारूनच जागा ठरवा.

महिना कोणता?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सरळ काळ. आकाश स्वच्छ, ओढ्यांना पाणी, सकाळी धुकं. दरीतल्या जागी पहाटे चांगलाच गारठा पडतो, आणि तिथलं दहिवर म्हणजे बारीक पाऊसच. तयारी तशी ठेवा.

मार्च-एप्रिलमध्ये जनावरं जास्त दिसतात, पण गवत वाळलेलं असतं. या काळात एका ठिणगीने सडाच्या सडा पेटतो. शेकोटीचा हट्ट असेल तर हे दोन महिने टाळलेलेच बरे.

मेचा शेवट आणि जूनचा पहिला आठवडा काजव्यांचा. वळीव पडून गेला की राधानगरीच्या परिसरात एकेका झाडावर हजारो काजवे एका लयीत लुकलुकतात. ही लुकलुक म्हणजे नर-मादीचं एकमेकांना खुणावणं. आपण टॉर्च मारला किंवा मोबाईलचा फ्लॅश टाकला की त्यांना ती खूणच दिसत नाही. काजवे बघायला जाताना फोन खिशात ठेवा, डोळ्यांना दहा-पंधरा मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या, आणि झाडाखाली गवत तुडवू नका. माद्या खालीच असतात. करवंदं आणि जांभळंही याच दिवसांत.

जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत गाभ्यातली सफर बंद असते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सड्यांवर फुलं येतात, तेव्हा घरगुती मुक्काम करून फुलं बघावीत. तंबू त्या दिवसांत नकोच.

ग्लॅम्पिंग : फोनवर काय विचारायचं

फोटोत पांढरा तंबू, आत पलंग, बाहेर पिवळ्या दिव्यांची माळ, एवढ्यावरून पैसे पाठवू नका. मालकाशी बोला, कॅम्पच्या दलालाशी नको. पहिला प्रश्न जागेचा : जमीन कुणाची, वनहद्दीपासून किती लांब, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं आणि साहसी पर्यटन धोरण २०२१ चं आहे. नोंदणी असलेला माणूस ती न कचरता सांगतो.

दुसरा प्रश्न आवाजाचा. "रात्री म्युझिक असतं का?" असं हसत विचारा, जणू तुम्हाला हवंच आहे. "असतंय की, डीजे पण लावतो" असं उत्तर आलं तर फोन ठेवा. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला कायद्यानेच बंदी आहे, पण जंगलाच्या काठी मला संध्याकाळचाही नको.

तिसरा प्रश्न सांडपाण्याचा, जो कुणीच विचारत नाही. तंबूला लागून संडास-बाथरूम असेल तर ते पाणी कुठे जातं? शोषखड्डा किंवा सेप्टिक टँक असला पाहिजे. ओढ्यात पाइप सोडलेला असेल तर त्याच ओढ्यावर खाली गाव पाणी भरतं. मालकाला हा प्रश्न दहा गिऱ्हाइकांनी विचारला तर अकरावं गिऱ्हाईक येण्याआधी खड्डा खणला जाईल.

मग बाकीचं : आंघोळीचं पाणी बंबाचं की सोलरचं, वीज गेली तर जनरेटर लावतात का आणि तो तंबूपासून किती लांब, एकूण तंबू किती, जेवण कुणाच्या घरचं. सहा-आठ तंबूंचा कॅम्प चांगला. तीस-चाळीस तंबू म्हटले की ती जत्रा झाली. जेवण गावातल्या मावशींच्या हातचं असेल तर काही विचारू नका, जे मिळेल ते खा : नाचणीची भाकरी, पिठलं, खर्डा, दही, रानभाजी असेल तर ती.

स्वतःचा तंबू नेणार असाल तर

शेतमालकाची तोंडी नाही, शक्य तर मेसेजवर लेखी परवानगी घ्या. मुक्कामाच्या गावात पोचल्यावर पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना सांगून ठेवा : किती माणसं, कोणती गाडी, कधी जाणार. अनोळखी गाडी रानात उभी दिसली की गावाला काळजी वाटते, आणि रात्री काही झालं तर धावून येणारी पहिली माणसं तीच असतात.

सामानात तंबू सोडून सर्वांत महत्त्वाचं काय, तर खाली अंथरायचं. गारठा वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागतो. फोमची चटई घ्या. तिच्यावर घोंगडी टाकली तर उत्तम. धनगरांची हाताने विणलेली घोंगडी दहिवर आत शिरू देत नाही आणि भिजली तरी थोडीफार ऊब ठेवते. पांघरायला स्लीपिंग बॅग नसेल तर घरातली वाकळ न्या. जुन्या लुगड्यांची जाड वाकळ डिसेंबरच्या रात्रीही पुरते. वजन होतं, पण गाडी तंबूपर्यंत जात असेल तर त्याची चिंता कशाला?

तंबू विकत घेताना : 'तीन माणसांचा' म्हणजे दोन माणसं आणि त्यांच्या पिशव्या. बाहेरचा पडदा जमिनीपर्यंत येणारा हवा, आणि त्याची पाणी सोसण्याची क्षमता निदान २००० मिलिमीटर लिहिलेली असावी. आपल्याकडे सडे जांभ्याचे. खुंटी दोन बोटंही आत जात नाही. म्हणून खुंट्यांशिवाय स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा घुमटाचा तंबू घ्या आणि बरोबर वीस-पंचवीस हात नायलॉन दोरी ठेवा, दगडांना बांधायला.

बाकी यादी थोडक्यात : डोक्याला बांधायची बॅटरी प्रत्येकी एक, माणशी दिवसाला निदान चार लिटर पिण्या-स्वयंपाकाचं पाणी, लोकरी टोपी, पूर्ण बाह्यांचे मळकट रंगाचे कपडे, जाड मोजे, घोट्यापर्यंत बूट, शिट्टी, प्रथमोपचार, कचऱ्यासाठी दोन मजबूत पिशव्या, रोख पैसे. गाडीत इंधन कोल्हापुरातच पूर्ण भरा. मलकापूर किंवा राधानगरी सोडली की पंप विरळ, आणि अनेक खोऱ्यांत फोनला रेंज नाही. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा आणि घरी सांगा की अमुक वेळेपर्यंत फोन लागणार नाही.

तंबू उभारताना

दुपारी चारच्या आत जागेवर पोचा. डोंगराच्या पूर्वेला असाल तर सूर्य साडेपाचलाच आड जातो, आणि अंधारात उभारलेला तंबू सकाळी कुठे उभा आहे ते बघून धडकी भरते.

जागा निवडताना आधी खाली बघा. जमिनीवर खुरांचे ठसे, ताजं शेण, गवत चेपून झालेली पाऊलवाट असेल तर ती गव्यांची पाण्यावर जायची वाट आहे. तिथून दूर व्हा. पाणवठ्यापासून निदान दोनशे फूट लांब राहा. जनावरं रात्री पाण्यावर येतात, आणि आपण मध्ये बसलो तर ती तहानलेली परत जातात. मग वर बघा : वाळकी फांदी, मधमाश्यांचं पोळं, फणस किंवा नारळ. शेवटी उतार बघा. दरीच्या तळाशी थंड हवा साचते. ओढ्यापासून वीस-तीस फूट उंचावर गेलात तरी पहाट पुष्कळ सुसह्य होते.

दगड-काड्या हाताने न वेचता बुटाने बाजूला सारा. मोठा दगड उलटायचाच असेल तर तो आपल्याकडे कलता करा, म्हणजे खाली साप-विंचू असला तर पलीकडे निघून जातो. मग खालचा प्लास्टिकचा कागद अंथरा, पण तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान दुमडून. तो बाहेर डोकावला की दहिवराचं पाणी थेट तुमच्या पाठीखाली येतं. तंबूची अरुंद बाजू पश्चिमेच्या वाऱ्याला द्या, दार त्याच्या उलट दिशेला. खुंट्या तिरप्या ठोका, डोकं तंबूपासून लांब कललेलं. जांभ्यावर असाल तर दोरी एका लहान दगडाला गुंडाळा, तो जमिनीवर टेका आणि त्याच्यावर मोठा दगड ठेवा. नुसत्या मोठ्या दगडाला बांधलेली दोरी घासून तुटते.

बाहेरचा आणि आतला पडदा एकमेकांना चिकटता कामा नये. मध्ये बोटभर तरी हवा हवी. थंडी आहे म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या की आपल्याच श्वासाची वाफ कापडावर जमते आणि पहाटे थेंब थेंब अंगावर पडते. वरची झडप उघडीच ठेवा.

चूल, शेगडी, शेकोटी

रानातलं लाकूड तोडायचं नाही, पडलेलं वेचायचंही नाही. छोटी गॅसची शेगडी न्या, आणि तिला चारही बाजूंनी सपाट दगडांचा आडोसा करा. तंबूच्या आत शेगडी किंवा कोळसे कधीही पेटवू नका. बंद कापडात कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो.

शेकोटी फक्त यजमानाच्या अंगणात, त्याच्या नेहमीच्या खड्ड्यात, शेजारी भरलेली बादली ठेवून. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता, आणि हाताला गार लागेपर्यंत तिथून हलू नका.

मेनू सोपा ठेवा. घरून कांदा-लसूण चटणी, भडंग, धपाटे, दशम्या. तिथे फक्त भात आणि आमटी. तांबड्या-पांढऱ्याचा बेत गावातल्या घरी सांगा, तंबूपाशी मटण शिजवू नका. मसाल्याच्या आणि चरबीच्या वासावर रात्री रानडुक्कर, कुत्री आणि क्वचित बिबट्याही फिरकतो. उरलेलं अन्न, भांडी, साबण, टूथपेस्टसुद्धा गाडीत बंद करा. भांडी ओढ्यात घासू नका. पाणी बादलीने वर आणा.

रात्र

जेवण आटोपलं की दिवे बंद करा. सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही असं वाटतं. मग रातव्याची ठोकळ्यावर हातोडी पडावी तशी संथ टकटक सुरू होते. भेकर भुंकतं, आणि ते खरंच कुत्र्यासारखं भुंकतं. पहिल्यांदा ऐकणारा दचकतोच. एकच भेकर बराच वेळ थांबून थांबून भुंकत राहिलं तर आसपास बिबट्या किंवा रानकुत्र्यांचा वावर असू शकतो. तंबूतच राहा.

राधानगरीकडच्या एका यजमान मामांनी आम्हाला मोजक्या शब्दांत सांगितलं होतं : "पाव्हणं, लाईट मारू नका. गवा आपला यील आन् आपला जाईल. तुमी मधी पडू नका." याहून चांगला नियम मला माहीत नाही. एकटा नर गवा किंवा पिलू असलेली गाय असेल तर जास्त सावध. पूर्ण वाढलेला नर आठशे-हजार किलोपर्यंत भरतो, आणि पळताना त्याला त्या वजनाची अडचण होत नाही. रस्त्यात गाडीपुढे आला तर थांबा, दिवे मंद करा, हॉर्न देऊ नका, त्याला जाऊ द्या. दिवसा पायी असताना दिसला तर त्याची वाट मोकळी ठेवून हळूहळू मागे सरका.

अस्वलाचं उलटं आहे. ते नजरेने अधू, आणि अचानक समोरासमोर आलं की बिथरतं. म्हणून पहाटे किंवा तिन्हीसांजेला पाऊलवाटेने जाताना आपसात साध्या आवाजात बोलत चला, त्याला आधीच चाहूल लागते. रात्री लघवीला जायचं असेल तर दोघांनी जा, बॅटरी जमिनीवर मारत.

सकाळची सफर

सफरीची वेळ, शुल्क, साप्ताहिक सुट्टी आणि वाहनांचे नियम निघण्याच्या आदल्या दिवशी वनविभागाच्या कार्यालयात विचारून घ्या. प्रत्येकाचं ओळखपत्र जवळ ठेवा. पहिल्या गाडीत जागा मिळवा. ऊन चढलं की जनावरं सावलीत जातात.

स्थानिक गाइड घ्याच, ऐच्छिक असला तरी घ्या. तो नुसता रस्ता दाखवत नाही. शेकरूचं घरटं कुठलं आणि घारीचं कुठलं, अंजनीवर फूल कधी येतं, धनेश कोणत्या फळझाडावर उतरतो, हे त्याला वर्षानुवर्षांच्या वावराने ठाऊक असतं. चांदोलीत आणि राधानगरीत वाघाची अपेक्षा मनात धरून गाडीत बसू नका. हे ताडोबा नाही. इथलं जंगल दाट, उंच-सखल, आणि जनावर क्षणभर दिसून नाहीसं होणारं. त्याऐवजी कानांकडे लक्ष द्या. ओढ्याकाठी माणसाने शीळ घालावी तसा आवाज आला तर तो कस्तूर. त्याच्या शिळेसाठी गाडीचं इंजिन बंद करायला सांगा.

तब्येत आणि अडचण

सर्पदंश झाला तर घट्ट आवळपट्टी बांधू नका, चिरू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका. अंगठी-बांगडी काढा, तो हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, आणि १०८ ला फोन करत जवळच्या ग्रामीण रुग्णालयाकडे निघा. पुढचे उपचार लागले तर कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. घाटातला हिरवा-तपकिरी चापडा त्यात येत नाही, म्हणून झुडपात हात घालताना आधी बघायची सवय लावा. बूट रात्री तंबूच्या आत ठेवा आणि घालण्याआधी झटका.

गोचिडींकडे दुर्लक्ष करू नका. शेजारच्या सिंधुदुर्गात माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत आणि तो गोचिडीतून पसरतो. पाचोळ्यावर बसू नका, पँट मोज्यात खोचा, संध्याकाळी काखा, गुडघ्यामागचा भाग, कानामागे तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनविभागाला कळवा. त्यांचा मदत क्रमांक १९२६. परतल्यावर दोन आठवड्यांत जोराचा ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा. पावसाळ्यात जळवा लागतात. ओढून काढू नका, नखाने बाजूने सरकवा किंवा मीठ लावा.

निघताना आणि घरी आल्यावर

यजमानाचे पैसे रोख द्या आणि जेवण करणाऱ्या मावशींचे वेगळे, त्यांच्याच हातात. कचरा गावातल्या उकिरड्यावर टाकू नका. ओला असो, सुका असो, तो कोल्हापुरापर्यंत परत आणा. गावाकडे कचऱ्याची गाडी येत नाही, तिथे टाकलेलं प्लास्टिक शेवटी ओढ्यातून धरणात जातं. तंबू काढल्यावर चार पावलं मागे सरून ती जागा एकदा बघा. खुंट्या मोजा, दोरीचा तुकडा राहिला असेल तर उचला. असल्या दोरीत गुराचा पाय अडकतो. आडोशासाठी मांडलेले दगड जिथले तिथे ठेवा.

तंबू सकाळी दहिवराने ओला असतो आणि निघायची घाई असते, म्हणून तसाच गुंडाळला तरी चालेल, पण घरी पोचल्यावर त्याच दिवशी गच्चीवर उघडा. आतला आणि बाहेरचा पडदा वेगळे करून सावलीत वाळवा. कडक उन्हात कापडावरचा पाणी अडवणारा थर लवकर खराब होतो. शिवणी हाताला पूर्ण कोरड्या लागल्याशिवाय पिशवीत भरू नका. एकदा बुरशीचे काळे ठिपके पडले की ते जात नाहीत. घोंगडी धुऊ नका, नुसती झटकून दोन दिवस उन्हात टाका आणि कडुनिंबाचा पाला घालून घडी करून ठेवा.